दोन बिऱ्हाडे, एक माजघर

मिरजेत दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे डीटीपीचे दुकान आहे. दुकान कसले, दहा बाय बाराची खोली. आमच्यापैकी एक मराठी शाळेत शिकली, दुसरा उर्दू शाळेत शिकला. त्यामुळे लग्न झाले आणि कामाची वाटणीही होऊन गेली. मराठी मजकूर एकीकडे, उर्दू दुसरीकडे, आणि ज्याचे हात रिकामे असतील त्याने गिऱ्हाइकाशी बोलायचे. शादीचे रुक्के, उरुसाच्या कार्यक्रमपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मदरशाची पावतीपुस्तके, चेहलमची कार्डे, सगळे येते. पंचवीस वर्षांत कितीतरी घरांची सुखदुःखे आमच्या बोटांखालून गेली.

दुकानातला जुना डेस्कटॉप थकला तेव्हा, म्हणजे २०१७ साली, आम्ही एक लॅपटॉप घेतला. सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि बाजूला सीडी-डीव्हीडीचा ड्राईव्ह. दिवसा दुकानात, रात्री घरी. मुलगी इंजिनिअरिंगला गेल्यापासून आठवड्यातले दोन दिवस तो तिच्या पाठीवरच्या पिशवीतून एसटीने फिरतो. दुसरा घेण्याची ऐपत नाही असे नाही, पण तिची फी भरून झाल्यावर तो विषय आपोआप मागे पडतो.

या लॅपटॉपात कोणती डिस्क घालायची, किती घालायच्या आणि त्यांचे वाटे कसे करायचे, यावर आमच्या घरात दोन महिने चर्चा चालली. आमच्या लग्नाच्या वेळीही दोन्ही घरांत इतकी बोलणी झाली नव्हती. लोकांना हे हसण्यासारखे वाटेल. म्हणून आधी चाचांबद्दल सांगितले पाहिजे.

चाचा आमच्या रक्तानात्याचे नव्हते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि सांगलीत राहायचे. शाळेतले लोक त्यांना गुरुजी म्हणत, मोहल्ल्यात ते मास्तरचाचा. घरात दखनी बोलायचे आणि कविता मराठीत लिहायचे. ‘तुम्ही उर्दूत का लिहीत नाही?’ हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला, आणि दोन्ही बाजूंनी विचारला गेला. ते बहुधा हसून सोडून द्यायचे. एकदा मात्र दुकानात चहा पिता पिता म्हणाले, “चाळीस पोरांना ज्या भाषेत बाराखडी शिकवली, त्याच भाषेत मला राग येतो आणि त्याच भाषेत रडू येतं. त्याला मी काय करू?”

त्यांचे दोन संग्रह पदरमोड करून निघाले. दोन्ही आम्हीच जुळवले. तिसऱ्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. एकशे चाळीस पाने झाली, प्रुफे दोनदा झाली, तिसऱ्यांदा करायची होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. चाचांच्या घरात पाणी शिरले आणि वह्या, कात्रणे, तपासलेली प्रुफे, आम्ही त्यांना दिलेला पेन ड्राईव्ह, सगळे त्या चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर ते दुकानात आले आणि म्हणाले, “तुमच्याकडं आहे न्हवं? मग झालं तर.” त्यानंतर ते पुन्हा कवितेकडे वळलेच नाहीत. मे २०२१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्या दिवसांत कबरस्तानात जाऊ देत होते तेवढेच लोक गेले. चाळीस दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. छपाईबद्दल ती काही बोलली नाही. “अब्बांची अमानत तुमच्याकडे आहे,” एवढेच म्हणाली.

अमानत म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ठेव मोडता येत नाही, आणि हरवली तर ‘डिस्क खराब झाली’ हे उत्तर तिथे चालत नाही.

ती डिस्क २०२५ च्या उन्हाळ्यात कुरकुरू लागली. पेजमेकरची फाईल उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागे, आणि मध्येच टक् टक् असा आवाज येई. हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. मुलीने ती नोंद काढून दाखवली. चकतीवरच्या काही जागा वाचता येत नव्हत्या, आणि दर आठवड्याला त्यांची संख्या वाढत होती. चकतीच्या डिस्कचे एक बरे असते, ती बहुतेक वेळा सांगून जाते. एसएसडीला चकती नाही, आवाज नाही. ती कधी कधी काल चालत होती आणि आज नाही अशी जाते.

त्याच वर्षी दुसरे संकट तारीख लावून आले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापरासाठी आणखी एक वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत होती, पण मुदतवाढ हा काही इलाज नव्हे. विंडोज ११ आमच्या लॅपटॉपाला घेत नाही. तिला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. एका पिढीने हुकले. मुलगी म्हणाली, “अब्बा, लिनक्स डालेंगे.” तिला कॉलेजसाठी ते हवेच होते. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे आणि ती फुकट आहे. मग विंडोज काढूनच टाकू, असेही ती म्हणाली. तिच्या वयाला ते शोभते.

विंडोज काढता येत नव्हती, कारण चाचांचा संग्रह श्री-लिपीत आहे.

हे जरा समजावून सांगतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम, अशा पद्धतींनी मराठी डीटीपी उभे केले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. त्यांच्यावरच आमचे घर चालले. पण त्या काळच्या फॉन्टांत ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. काना एका जागी, मात्रा दुसरीकडे, अर्धा ‘श’ तिसरीकडे. तो फॉन्ट असेल तर पडद्यावर कविता दिसते. फॉन्ट काढून घ्या, तर डॉलर, कंस आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरे यांची खिचडी उरते. प्रत्येक कंपनीची मांडणीही वेगळी, म्हणजे एकाची खिचडी दुसऱ्याच्या ताटात चालत नाही. आमची आवृत्ती डोंगलवर चालते, आम्ही त्याला लॉक म्हणतो. ते लॉक यूएसबीला लावल्याशिवाय श्री-लिपी उघडत नाही, आणि त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोजसाठीच आहे. उर्दूच्या बाजूलाही तेच. इनपेजच्या जुन्या फाईली इनपेजमध्येच नीट उघडतात, आणि त्या नूरी नस्तालिकचे देखणेपण हजारो जोडशब्दांच्या साच्यांवर उभे आहे. मुलीने पहिल्यांदा चाचांची फाईल लिनक्समध्ये उघडली तेव्हा तिला वाटले, डिस्कने कविता खाल्ली. “अम्मी, ये तो सब टूटेला है,” म्हणाली. तुटलेले काही नव्हते. तिच्याकडे चष्मा नव्हता.

तेव्हा दोन्ही प्रणाली एकाच लॅपटॉपात ठेवायच्या, हे ठरले. सुरू करताना विचारेल कोण हवे, आणि आपण सांगायचे. याला ड्युअल बूट म्हणतात. विंडोजवर जुनी अक्षरे, लिनक्सवर बाकीचे जग. विंडोजला आम्ही इंटरनेट तोडून गोषात बसवायचे ठरवले. आधार संपलेल्या प्रणालीला बाजारात फिरवू नये.

आभासी यंत्राचाही विचार झाला, म्हणजे लिनक्सच्या पोटात विंडोज चालवणे. नव्या, दमदार लॅपटॉपावर आम्ही तेच केले असते, आणि ज्यांच्याकडे सोळा जीबी रॅम आहे त्यांनी आधी तेच करून पाहावे. आठ जीबीत दोघींना जेवू घातले तर दोघीही उपाशी राहतात. लिनक्स बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवणे ही आणखी एक वाट होती. एसटीत मांडीवर लॅपटॉप आणि बाजूला लोंबणारी वायर, हे चित्र डोळ्यांपुढे आले आणि तो विषय तिथेच संपला.

पण या सगळ्याआधी जुन्या डिस्कवरचे बाहेर काढणे आले. मरू घातलेल्या डिस्कवर काही लिहू नये, तिच्यावरून प्रणालीही चालवू नये. म्हणून लिनक्स आमच्या घरात आले ते पेन ड्राईव्हवरून, पाहुण्यासारखे. त्यात डीडीरेस्क्यू नावाचा एक कार्यक्रम आहे. साधी कॉपी करताना खराब जागा आली की ती तिथेच अडकून बसते आणि डिस्कला छळत राहते. हा कार्यक्रम तसे करीत नाही. आधी जेवढे सुखासुखी वाचता येते तेवढे सगळे उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो, आणि मग त्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. दोन टीबीची एक बाहेरची हार्ड डिस्क आणली आणि तिच्यावर ही नक्कल घेतली. दोन रात्री आणि एक दिवस लागला. पंख्याखाली लॅपटॉप ठेवला होता आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते, जणू आत कोणी आजारी झोपले आहे.

जवळजवळ सगळे आले. जे आले नाही त्यात एका पतसंस्थेचा जुना अहवाल होता, काही रुक्के होते, आणि चाचांच्या संग्रहातली एक फाईल अर्धीच उघडली. दोन कविता गेल्या.

यानंतर दुकानातल्या सीड्या वाचून घेतल्या. २००१ पासून २००९ पर्यंतच्या. हे आधीच करणे भाग होते, कारण दुसरी डिस्क बसवायची तर जागा एकच होती, सीडी ड्राईव्हची. तो ड्राईव्ह काढून त्या खाचेत एक चौकट बसवतात, तिला कॅडी म्हणतात, आणि कॅडीत अडीच इंची डिस्क बसते. कॅडी घेताना ड्राईव्हची जाडी मोजून घ्यावी. साडेनऊ मिलिमीटरची आणि पावणेतेराच्या जवळपासची अशा दोन जाडीच्या मिळतात, आणि दुकानदार हाताला लागेल ती देतो. काढलेला ड्राईव्ह आम्ही एका यूएसबी डबीत बसवला, अजून चालतो. सीड्यांपैकी काही कोऱ्याच निघाल्या, वरचा थर सुटून आलेला. पण चाचांच्या दोन्ही छापील संग्रहांची पाने त्यांतून मिळाली. फाईलींची नावे आठ अक्षरांत कोंबलेली, डॉसच्या काळातली सवय.

आता खरा वाद सुरू झाला. जागा दोन, प्रणाली दोन. मुलीचे म्हणणे सरळ होते : एका डिस्कवर विंडोज, दुसरीवर लिनक्स, दोघींचे दरवाजे वेगळे. तिच्या बोलण्यात तथ्य होते. हल्लीच्या लॅपटॉपांत प्रणाली सुरू करणारी फाईल एका छोट्या स्वतंत्र वाट्यात असते. दोघींचा वाटा एकच असला की एकीच्या दुरुस्तीत दुसरीचा दरवाजा बंद होऊ शकतो. वेगळ्या डिस्कवर वेगळे वाटे असले तर एक डिस्क मेली तरी दुसरी चालू राहते. बसवतानाही एकीची डिस्क काढून ठेवून दुसरी बसवली की गोंधळाला वावच राहत नाही. जाणकार माणसे बहुतेक हेच सुचवतात.

आम्ही तिला विचारले, “आणि चाचा कुठं राहणार?”

ती म्हणाली, “किसी एक के साथ.”

तिथेच आमचे अडले. विंडोज वापरते ती एनटीएफएस ही मांडणी, आणि लिनक्सची आपली ईएक्सटी४. लिनक्स एनटीएफएस वाचते आणि लिहिते. २०२१ पासून तर त्याची सोय तिच्या गाभ्यातच आहे. विंडोजला मात्र ईएक्सटी४ आपण होऊन वाचता येत नाही. म्हणजे मजकूर लिनक्सच्या घरात ठेवला तर विंडोजला तो दिसणार नाही, आणि विंडोजच्या घरात ठेवला तर विंडोज बिघडली, पुसली, नव्याने बसवली की प्रत्येक वेळी जीव मुठीत धरायचा. आम्हाला असे वाटले की हे घर बांधताना आधी माजघर आखावे आणि मग दोन बिऱ्हाडे. प्रणाली गेली तर पेन ड्राईव्हवरून दुपारभरात पुन्हा बसते. कविता बसत नाहीत. मग ज्याला पर्याय नाही त्याला एक पूर्ण डिस्क आणि ज्यांना पर्याय आहे त्या दोघींनी एकीत भागवावे.

मुलीने दोन दिवस मान्य केले नाही. तिसऱ्या दिवशी तिने ऑगस्ट २०२४ ची गोष्ट वाचून दाखवली. मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटमुळे अनेकांच्या ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरूच होईना. आणि ज्यांनी दोन वेगळ्या डिस्क ठेवल्या होत्या त्यांचीही त्यातून सुटका झाली नाही, कारण नको असलेल्या जुन्या बूट फाईलींची ती यादी डिस्कवर नसून मदरबोर्डवरच्या स्मृतीत लिहिली जाते. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लोकांनी मार्ग काढला. “म्हणजे दोन डिस्कने सगळंच वाचतं असं नाही,” ती स्वतःच म्हणाली. आम्ही गप्प राहिलो. जिंकल्यासारखे दाखवले असते तर आणखी चार दिवस गेले असते.

माजघरासाठी डिस्क कोणती, हा पुढचा प्रश्न. एक टीबीची चकतीची डिस्क स्वस्त पडत होती, शिवाय ती सांगून जाते हा तिचा गुण. पण लॅपटॉप एसटीने फिरतो, आणि कॅडीत डिस्कला धक्क्यापासून आधार असा नसतोच. फिरत्या लॅपटॉपात फिरती चकती नको, म्हणून दोन्हीकडे पाचशे जीबीच्या एसएसडी घेतल्या. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मात्र उलटे केले. एसएसडीत माहिती विजेच्या भारात साठते, आणि वर्षानुवर्षे वीज न मिळता ती पडून राहिली तर तो भार उतरण्याची भीती असते. तिथे चकतीचीच डिस्क बरी. ती दोन टीबीची बाहेरची डिस्क आता कोल्हापूरला बहिणीच्या कपाटात असते आणि दर दोन महिन्यांनी येऊन ताजी होऊन जाते. एकाच लॅपटॉपातल्या दोन डिस्कवर दोन प्रती ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला असे मानणारे लोक आम्ही पाहतो. लॅपटॉप चोरीला गेला तर चोर एकच डिस्क नेणार आहे का?

पाचशे जीबीची डिस्क विंडोज चारशे पासष्ट दाखवते. दुकानदाराने फसवले असे नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसने. त्यातले दोनशे विंडोजला दिले, एकशे वीस लिनक्सला, बाकी मोकळे ठेवले. बूटचा वाटा विंडोज आपण होऊन शंभर एमबीचा करते, तो आम्ही आधीच पाचशेचा करून ठेवला. दोघींनी वापरायचा तर उंबरठा रुंद हवा. आधी विंडोज बसवली, मग लिनक्स, कारण विंडोज मागून आली की पुढच्या दाराला आपले कुलूप लावते. परवाना चालू करण्यापुरते तिला एकदा नेट दिले. श्री-लिपी, इनपेज, पेजमेकर बसले, लॉकने ओळख दिली, आणि तशा त्या विंडोजची अख्खी नक्कल क्लोनझिलाने करून कोल्हापूरच्या डिस्कवर ठेवली. श्री-लिपीची मूळ सीडी उद्या वाचली नाही तर हीच कामाला येईल.

दुसरी डिस्क पूर्ण माजघर. तिला एनटीएफएस केले. एक्सफॅट दोघींना चालते, पण तिच्यात लिहिण्याआधी नोंद ठेवण्याची सोय नाही, आणि एकीकडे लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाईलींचा हिशेब चुकू शकतो. लॅपटॉपाची बॅटरी आठ वर्षांची आहे, म्हणजे नावापुरती. मिरजेतली वीज ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको.

माजघर म्हटले की कुरबुरी आल्या. पहिली कुरबुर फास्ट स्टार्टअपची. विंडोज १० बंद केली तरी पूर्ण बंद होत नाही. अर्धवट झोपते, म्हणजे सकाळी लवकर उठता येते. झोपताना माजघराची किल्ली कमरेलाच ठेवते. मग लिनक्सने दार उघडले तर नुसते बघता येते, काही ठेवता येत नाही. ती सवय विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन मोडावी लागते, आणि ड्युअल बूट करणाऱ्याने पहिल्याच दिवशी मोडावी. दुसरी कुरबुर नावांची. चाचांच्या एका कवितेच्या नावाला शेवटी प्रश्नचिन्ह आहे. मुलीने लिनक्समध्ये तेच नाव फाईलीला दिले. लिनक्सला चालले, विंडोजला प्रश्नचिन्ह चालत नाही. फाईल दिसे पण उघडत नसे. आता नावांतून प्रश्न काढून टाकले आहेत, कवितेत आहेत. मुलीच्या कॉलेजच्या फाईलींना लिनक्सची परवानग्यांची भानगड लागते, त्या तिने आपल्या बिऱ्हाडातच ठेवल्या.

तिसरी कुरबुर घड्याळाची, आणि तिची मजा आमच्या मोहल्ल्यात अजून सांगितली जाते. लॅपटॉपाच्या आत एक घड्याळ असते. विंडोज त्याला स्थानिक वेळ समजते. लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवते आणि आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवून दाखवते. आमची विंडोज गोषातली, बाहेर विचारून वेळ दुरुस्त करणार कशी? रमजान सुरू होता. संध्याकाळी मुलीने लिनक्स बंद करून विंडोज लावून दिली. पावणेसात व्हायला आले होते, बाहेर मगरिबची अजान झाली, आणि पडद्यावर दुपारचे सव्वा वाजलेले. शेजारचा छोटा खजूर हातात धरून पडद्याकडे बघत बसला. त्याचा पहिला रोजा होता. “चाची, कॉम्प्युटर बोलरा अब्बी टाइम नई हुआ,” म्हणाला. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की हे मिटते. किंवा विंडोजला जागतिक वेळ समजावून सांगावी. एकीलाच सांगावे. दोघींना सांगितले तर पुन्हा साडेपाच तासांचे अंतर पडते, फक्त उलट्या दिशेने.

आता रोजचे काम. ड्युअल बूटची एक खोड अशी की दोघींना एका वेळी समोर बसवता येत नाही. एकीला उठवायचे तर दुसरीला निजवायचे. आणि चाचांचे काम तर दोघींना समोरासमोर ठेवूनच होण्यासारखे. जुन्या खिचडीचे युनिकोड करणारे कार्यक्रम मिळतात, पण ते अक्षरे मोजतात, कविता वाचत नाहीत. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचेही तसेच. रूपांतरात या जागा घसरतात. सर्वांत जास्त त्रास ‘ऱ्य’चा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. चाचांच्या कवितेत दोन्ही येतात, एका कवितेत तर पाठोपाठच्या ओळींत. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाने सगळीकडे दर्याच करून टाकला.

तेव्हा माजघर कामाला आले. विंडोजमध्ये श्री-लिपीतली पाने जशी दिसतात तशी पीडीएफ करून घेतली. पीडीएफमध्ये अक्षरांचे रूप सोबत बांधलेले असते, फॉन्ट लागत नाही, लॉक लागत नाही. ती पाने माजघरात ठेवली. मग लिनक्स लावायची, पडद्याच्या एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला युनिकोड मजकूर, आणि एकाने वाचायचे, दुसऱ्याने बघायचे. पंचवीस वर्षे हात श्री-लिपीच्या कळांवर बसलेले, नवा कीबोर्ड बोटांना अजून सासरसारखा वाटतो. उर्दू शाळेत शिकलेल्याला मराठी वाचायला बसवले आहे, कारण मराठी शाळेत शिकलेलीचे डोळे चुकीच्या शब्दावरूनही सवयीने पुढे सरकतात. त्याचे अडखळत वाचणे प्रुफाला फार उपयोगी पडते. रात्री दहाच्या पुढे तास-दीड तास बसतो. चार पाने झाली तरी पुष्कळ.

एकशे चाळीस पानांपैकी अठ्ठ्याहत्तर पाने झाली आहेत. उरुसाची कामे आली की पंधरा दिवस खाडा पडतो. ज्या दोन कविता डिस्कने गिळल्या त्यांपैकी एक चाचांच्या मुलीला तोंडपाठ आहे, तिने फोनवर म्हणून ती पाठवली. आम्ही ऐकून ती जुळवली, या वेळी थेट युनिकोडमध्ये. शेवटच्या कडव्यातल्या दोन ओळी तिला आठवत नाहीत. तेवढी जागा आम्ही पानावर मोकळी सोडली आहे. दुसऱ्या कवितेचे फक्त नाव अनुक्रमणिकेत आहे, बावन्नाव्या पानावर.